बर्फावरचा माग

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच महिने विचार केला. कारण यात माझा मोठेपणा कुठेच नाही. जे झालं ते माझ्या चुकीमुळे झालं, आणि जे निभावलं ते माझ्यामुळे निभावलं नाही. पण माझी बायको नीला म्हणाली, "लिहा. ज्यानं सांभाळलं त्याचं नाव घ्यायला लाज कसली?" तिच्या शब्दाखातर लिहितो आहे.

आमचं मूळ गाव चिपळूणच्या बाजूचं. वडिलांची दत्तगुरूंवर श्रद्धा, घरात गुरुवार कडक, त्या दिवशी मासळीचं नावही निघायचं नाही. ते सगळं मी बरोबर घेऊन बहारीनला आलो, त्याला बावीस वर्षं झाली. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. राहायला अरादला, किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर. नीला इथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. सकाळी आंघोळ झाली की दत्ताच्या तसबिरीपुढे उभं राहून मी दोन मिनिटं त्याच्याशी बोलायचो, दिवसभरात काय करायचंय ते सांगायचो. माणसाशी बोलावं तसं. मला वाटायचं, आमचं चांगलं चाललंय.

फोटोग्राफीचा नाद मला उशिरा लागला. आधी अरादचा किल्ला, मग मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या, समुद्रावरचे पक्षी. पुढे इथल्याच हूरा भागातल्या एका मित्राच्या घरी उत्तर नॉर्वेत काढलेला उत्तरध्रुवीय प्रकाशाचा फोटो पाहिला आणि मला दुसरं काही सुचेना. आकाशात हिरवा प्रकाश वाहतो आहे, खाली बर्फ, मध्ये एक एकटं घर. आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात तिकडे जायला लागलो. वाळवंटात राहणारी माणसं, इथं जानेवारीत जरा वारं सुटलं की स्वेटर शोधणारी, आणि तिकडे उणे वीसमध्ये ट्रायपॉड लावून उभी! तीन हिवाळे गेलो. दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, लोकांनी पाठ थोपटली. नीला दर वेळी माझी बॅग भरून द्यायची, मेथीचे ठेपले, सुंठीची वडी, लोकरीचे मोजे. "तुलाही नेईन एकदा," मी म्हणायचो. म्हणताना मनात पुढच्या वेळची लेन्स असायची.

तिला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ती जिन्यात चाचपडायची, जेवताना पाण्याचा पेला लवंडायचा, आणि मी "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणायचो. शेवटी शाळेच्या पायरीवरून पडली तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, जन्मापासून आत दडून असलेला, हळूहळू वाढणारा. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं, शेवटी नळीतून पाहावं तेवढंच उरतं. डॉक्टर म्हणाले, "अंधारातली नजर जवळजवळ गेली आहे. परत येणार नाही."  परतताना गाडीत नीलानं एकच विचारलं, "शाळा लगेच सोडावी लागेल का हो?"

त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं बंद केलं. भांडलोसुद्धा नाही. तसबीर तिथेच होती, मी समोरून जायचो, पण घरातल्या एखाद्या माणसाशी अबोला धरावा तसं झालं होतं. माझ्या कपाटात हार्ड डिस्कवर तीन हिवाळ्यांचा उजेड भरून ठेवलेला होता आणि शेजारच्या खोलीत ती भिंतीला हात लावून स्विच शोधत होती. याचा हिशेब मला कुणी तरी द्यावा असं वाटायचं. ज्याच्याकडे मागायचा तोच गप्प. तेव्हा मला कळलं नाही, की माझा राग देवापेक्षा माझ्यावरच जास्त होता.

चौथ्या हिवाळ्यात मी जाणार नव्हतो. नीलानंच विषय काढला. "मला घेऊन चला. दिसलं तर दिसलं, नाहीतर थंडी तरी कळेल." आमची मुलगी सई बारावीत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. जस्ट टेक हर." ऑफिसात माझा बहारीनी साहेब लीव्हच्या अर्जावर सही करताना म्हणाला, "यल्ला, जा. इंशाल्ला, ती बघेल." सई नीलाच्या मैत्रिणीकडे राहिली आणि जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघंच निघालो.

तिकडे फिऑर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठी एक लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. तिथं त्या दिवसांत दुपारी तीनलाच अंधारून येतं. पहिले चार दिवस आकाश दिसलंच नाही. बर्फ, ढग, पुन्हा बर्फ. नीला खिडकीशी बसून चहा प्यायची, दारात जाऊन मुठीत बर्फ घेऊन बघायची, खुशीत होती. मीच तासातासाला मोबाइलवर ढगांचे नकाशे बघत चिडत होतो. पाचवा दिवस गुरुवार होता. नकाशात दिसलं, की आतल्या बाजूला, फिनलंडच्या सरहद्दीकडे, संध्याकाळी आकाश मोकळं होणार. आम्ही चारलाच गाडी काढली.

दीड तासानं ढग मागे पडले. एका गोठलेल्या तळ्याच्या जवळ गाडी लावायला जागा होती, तिथे थांबलो. वस्ती दिसत नव्हती. रस्त्याच्या दोन्ही कडांना, बर्फात रस्ता कळावा म्हणून, माणसाच्या उंचीच्या काठ्या रोवलेल्या होत्या. आकाशात फिकट पट्टा उमटायला लागला होता. मी इंजिन आणि हीटर चालू ठेवला आणि म्हणालो, "तू गाडीतच बस. मी खाली जाऊन कॅमेरा लावतो, जरा रंग चढला की तुला न्यायला येतो. दहा मिनिटं."

"सावकाश या," ती म्हणाली.

मी तळ्याच्या काठी उतरलो. ट्रायपॉड लावला. आणि मग ते सुरू झालं. ज्यांनी हे फोटो काढले आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. प्रकाश सतत बदलतो. प्रत्येक फोटोनंतर वाटतं, पुढचा याहून चांगला. शटर आठ सेकंद उघडं, मग चार सेकंद, लेन्स बदल, खिशातली गरम बॅटरी काढ, गार झालेली आत ठेव. मी नीलाला विसरलो होतो असं लिहायला हात धजत नाही, पण खरं तेच आहे. मला तिची आठवण झाली ती बोटं बधिर झाली तेव्हा. घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं झाली होती. मोबाइल थंडीनं कधीच बंद पडला होता.

वर आलो. गाडी होती, इंजिन चालू होतं, आत दिवा होता. सीट रिकामी होती.

त्या क्षणाबद्दल मी फार लिहू शकत नाही. "नीला!" म्हणून ओरडलो. वारं सुटलं होतं, जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ सरपटत उडत होता, आवाज दोन हातांवर विरत होता. अंधारात तिला काहीही दिसत नाही, एखाद्यानं डोळ्यांवर काळं कापड बांधावं तसं. थंडी उणे बावीस. डोक्याच्या दिव्यात बघितलं तर तिच्या बाजूच्या दाराशी बुटांचे ठसे, तिथून पहिल्या काठीकडे, मग दुसरीकडे. ती काठीला हात लावत लावत चालली होती. मी मागोमाग धावलो. पुढे रस्ता वळत होता. तिथे वाऱ्यानं ठसे पुसून टाकले होते. पुढे गेली, की मागे फिरली, की रस्ता सोडून खाली घसरली, काही कळेना. मी अंदाजानं कडेनं खाली उतरलो आणि कमरेपर्यंत बर्फात रुतलो. धडपडत होतो, तेवढ्यात डोक्यावरचा दिवा मंदावला आणि गेला. खिशातली ऊब मी फक्त कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांना दिली होती, दिव्याच्या जादा बॅटऱ्या गाडीतच होत्या.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी देवाशी बोललो. नवस सुचला नाही. मंत्रही नाही. एवढंच तोंडातून आलं, "दत्ता, माझ्याच्यानं नाही होत. तू बघ." आणि मी हातपाय मारायचं थांबवलं. रडतही नव्हतो. नुसता थांबलो.

मग माझ्या पुढचा बर्फ दिसायला लागला. आधी मला वाटलं मागून गाडी येते आहे. पण उजेड वरून होता. आकाश माथ्यावर उघडल्यासारखं झालं होतं, इतका प्रखर प्रकाश मी तीन हिवाळ्यांत पाहिला नव्हता. पौर्णिमेच्या चांदण्यासारखी सगळी उतरण हिरवट उजळली. आणि डाव्या हाताला, चार-पाच पावलांवर, बर्फात एक खोल चर गेलेला दिसला, झाडांकडे. मी रांगत तिथे पोचलो. चरात लहान बुटांचे ठसे होते, शेजारी मोठ्या बुटांचे, आणि दोन्हीच्या आजूबाजूला कुत्र्याच्या पंजांचे. झाडांच्या आड वारा नव्हता, म्हणून ते तसेच राहिले होते. त्या उजेडात मी एकेक ठसा बघत चाललो. किती वेळ गेला माहीत नाही. माग संपला तिथे भूर्जाच्या झाडांमागे एक घर होतं. त्याच्या खिडक्या पलीकडच्या बाजूला, रस्त्यावरून उजेड दिसणं शक्य नव्हतं. कुत्रं भुंकलं. दार उघडलं तर सत्तरीची एक बाई एका पायात बूट घालून उभी, हातात टॉर्च. मलाच शोधायला निघाली होती.

आत शेगडीपाशी नीला बसली होती, खांद्यावर घोंगडी, हात कोमट पाण्याच्या भांड्यात. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

"तुम्ही बरे आहात ना? कुठे लागलं का?"

मी तिच्या पायाशी बसलो.

मग हळूहळू कळलं. अर्धा तास झाला, मी आलो नाही. तिनं दोनदा फोन लावला, लागला नाही. मी बर्फावर घसरून पडलो असणार, मदतीला कुणी नाही, असं तिच्या मनानं घेतलं. "गाडीत बसून काय करू? म्हटलं, काठ्या आहेत, एकेक धरत जाईन आणि हाका मारीन." ज्या अंधारात तिला स्वतःचा हात दिसत नाही, त्या अंधारात ती मला शोधायला उतरली होती. वळणावर पुढची काठी सापडली नाही, पाय घसरला, खाली आली. एक हातमोजा गेला. वर चढता येईना तेव्हा तिथेच बसली आणि मोठमोठ्यानं दत्ताचं नाव घ्यायला लागली.

त्या बाईंचं नाव बेरित. आपल्या तुटक इंग्रजीत त्यांनी त्यांची बाजू सांगितली. हे घर हिवाळाभर बंद असतं, त्या स्वतः गावात मुलीकडे राहतात. छपरावर बर्फाचं ओझं झालं असेल म्हणून तो उपसायला तेवढ्यापुरत्या दुपारी आल्या होत्या. चार वाजता निघायचं होतं. पण गाडीत बसायची वेळ झाली आणि कुत्रं हाक मारूनही येईना. झाडांत पळून गेलं. "दहा वर्षांत असं कधी केलं नाही त्यानं," त्या म्हणाल्या. परत आलं, पुन्हा पळालं. दोन तास असंच चाललं, म्हणून शेगडी पेटवून त्या थांबल्या. शेवटी टॉर्च घेऊन त्याच्या मागे गेल्या तर त्यांना गाणं ऐकू आलं.

"मला वाटलं कुणी गातंय," त्या नीलाकडे बघत म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, तुम्ही आज आला नसतात तर? त्यांनी खांदे उडवले. "मी उद्या येणार होते. सकाळी उठले आणि वाटलं, आजच जाऊ." एवढंच. यापलीकडे मीही काही सांगणार नाही. कुत्र्याला कशाचा वास लागला, वाऱ्याची दिशा कोणती होती, आकाशात नेमका तेव्हाच प्रकाश का वाढला, याची उत्तरं असतील. मी इंजिनियर आहे, उत्तरांना मी नाही म्हणत नाही. पण त्या चरात उभा असताना मला कुणी उत्तर विचारलं नव्हतं. मला रस्ता दाखवला होता.

बेरितबाईंनी आमच्यापुढे दोन वाडगे ठेवले. माशांचं सूप, वर लोणी. मला एकदम आठवलं आणि मी नीलाच्या कानाशी हळूच म्हणालो, "अगं, आज गुरुवार."

"गुरुवार आहे म्हणूनच प्रसाद आहे," ती म्हणाली. "प्या गुपचूप."

आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना मला रडू फुटलं. बेरितबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

निघण्याआधी त्या नीलाला अंगणात घेऊन गेल्या. रेनडियरचं कातडं बर्फावर पसरलं आणि तिला त्यावर बसवलं. आकाश अजून हलत होतं. नीलानं मान वर केली, बराच वेळ बघितलं.

"काही नाही दिसत हो," ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. "बर्फ जरा उजळ वाटतोय, तेवढंच. तुम्ही सांगा."

कॅमेरा तळ्याकाठी राहिला होता. मी तिच्याशेजारी बसलो आणि तीन हिवाळ्यांत पहिल्यांदाच नुसतं वर बघितलं. मग सांगायला लागलो. गणपतीच्या आरासीत मागे झुळझुळीत पडदा सोडतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो हलतो ना, तसं. आता त्याची खालची किनार गुलाबी झाली. आता तो दुमडला. आता चुलीतल्या धुरासारखा सरळ वर निघाला. ती माझा दंड धरून ऐकत होती, मध्येच विचारत होती, "आणि आवाज?" आवाज काहीच नव्हता. तेही सांगितलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते सारखंच पाहिलं.

बेरितबाईंनी स्वतः गाडी चालवत पुढे राहून आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं. त्यांच्या हातात काही ठेवू गेलो तर त्यांनी माझी मूठ मिटवली. नीलाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळवंडली होती. दीड महिन्यानं ती बरी झाली, पण तिथे अजून स्पर्श जरा कमी कळतो.

कॅमेरा तळ्याकाठून घेतला तेव्हा त्याच्यावर बर्फाचा थर होता. फोटो मात्र शाबूत आहेत. सुंदर आहेत, कदाचित मी काढलेले सगळ्यात चांगले. प्रत्येकाबरोबर वेळ नोंदलेली असते. एकदा बसून मी ती वाचली. सहा वाजून बावीस मिनिटं: मी लेन्स बदलली, तेव्हा ती गाडीचं दार उघडत होती. सहा पस्तीस: प्रकाशाच्या पडद्याचा सगळ्यात देखणा फोटो, तेव्हा ती बर्फात बसून नाव घेत होती. ते फोटो मी कुणाला दाखवत नाही. स्वतःला शिक्षा म्हणून नव्हे. नीलानं ती कधीच माफ करून टाकली आहे. पण काही गोष्टी आपल्या आणि देवाच्या मध्येच बऱ्या.

आज नीलाची नजर आणखी अरुंद झाली आहे. चमत्कारानं तिचे डोळे बरे झाले असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. ती पांढरी काठी घेऊन चालायला शिकली, शाळेऐवजी आता घरी चार मुलांना मराठी गोष्टी सांगते, आणि मुलं तिला इंग्रजीत उत्तरं देतात. मी सकाळी पुन्हा दत्तापुढे उभा राहतो. पूर्वी दिवसभराची यादी सांगायचो. आता सांगण्यासारखं फार नसतं. ज्यानं त्या बाईंना एक दिवस आधी उठवलं, त्याला मी काय आठवण करून देणार? मी "तू बघ" एवढंच म्हणतो, आणि माझ्या वाट्याचं काम करायला निघतो. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. बेरितबाई फावडं घेऊन आल्या होत्या, नीला काठ्या धरत चालली होती. दोघींनी आपापल्यापुरतं केलं. बाकीचं सोपवलं.

गेल्या शुक्रवारी सकाळी आम्ही इथल्या झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे समुद्र फार उथळ आहे, बराच आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंत. नीला म्हणाली, "मी एकटी जाऊन येते. तुम्ही इथेच बसा." मी उठलो होतो, तो बसलो. ती चपला काढून, साडी किंचित वर खोचून, पावलांनी तळ चाचपत चालत गेली. पन्नास पावलं, शंभर. माझ्या घशाशी हाक आली होती. ती थांबली, वाकून पाण्यात हात घातला, उन्हाकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली, मग वळून माझ्या दिशेनं यायला लागली. थोडी चुकली, पुन्हा सरळ झाली.

"घाबरला होतात ना?" जवळ येऊन तिनं विचारलं.

"हो."

"मग हाक नाही मारलीत?"

"नाही," मी म्हणालो. भीती माझ्या छातीत तशीच धडधडत होती. ती जाईल असं वाटत नाही. त्या भीतीला मांडीवर घेऊन बसून राहता आलं, एवढी कृपा मला पुरते.